आतून वाजणारं दार

गुण्याकाकांच्या बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या बरोबर वर, सार्वजनिक स्वच्छतागृहाचा नकाशा फ्रेम करून लावलेला होता. हसू नका. लोक तिथे डोंगर लावतात, समुद्र लावतात, नाहीतर लग्नातला फोटो लावतात. काकांनी स्वच्छतागृह लावलं. आलेला पाहुणा चहा पिता पिता वर बघायचा, पुरुष इकडे, स्त्रिया तिकडे असं मनातल्या मनात वाचायचा आणि कप हळूच खाली ठेवायचा. काकांना त्याचं काही नसायचं. ते उठून फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे. तिथे एक चौकट होती, चौकटीत 'आर्किटेक्ट' असं छापलेलं होतं आणि त्यावर त्यांच्या लेकीची सही होती. "सही बघा," एवढंच म्हणायचे.

त्या सहीपायी हा माणूस एवढा वेडा का झाला होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

काका ड्राफ्ट्समन. इमारतीची कल्पना साहेबाची, नकाशा काकांचा. साहेब सिगारेटच्या पाकिटावर काहीतरी खरडणार, आणि त्यातून जिने, खिडक्या, पाण्याचे नळ, सगळं काका रेघेरेघेनं उभं करणार. गवंड्यांकडे काटकोन तपासायचं एक साधन असतं, त्याला गुण्या म्हणतात. काकांची नजर तशी होती. कोपरा केसभर चुकला तरी त्यांच्या डोळ्यांत खुपायचा, म्हणून ऑफिसात त्यांना गुण्या म्हणायला लागले, आणि केस पिकले तसं पुढे काका लागलं. त्यांचं खरं नाव काय ते ऑफिसात निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणही नव्हतं, कारण तिथला नियमच होता, नकाशावर नाव एकाचंच, साहेबाचं. काकांच्या हातच्या इमारती शहरभर उभ्या राहिल्या. काका बसमधून जाताना बघायचे आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटायचं. सांगायचे मात्र नाहीत.

नाव घालायची हौस त्यांनी आयुष्यात एकदाच भागवून घेतली. स्वतःचं घर बांधलं तेव्हा. चिंचोळ्या जागेवरचं छोटंसं घर, खाली एक खोली, वर दोन. नकाशा इतका सुबक काढला की बघत राहावं, आणि खाली कोपऱ्यात, हात पुसून, श्वास रोखून, स्वतःचं नाव लिहिलं. आणि नेमकं त्याच नकाशात दार चुकलं.

झालं असं की जिना सरळ वर चढत जाऊन स्वयंपाकघराच्या दारापाशी संपत होता. अशा ठिकाणी दार आत उघडायला हवं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवायला नकाशात एक पाव वर्तुळ काढतात. काकांनी ते उलट्या बाजूला काढलं. नाव लिहायच्या आनंदात असतील, दुसरं काय. सुताराला खटकलं होतं, पण त्यानं विचार केला, नकाशा गुण्याकाकांचा आहे, त्यात काहीतरी खुबी असणार. त्यानं हुकमाप्रमाणे दार बसवलं, बाहेर उघडणारं, थेट जिन्यावर. राहायला आल्यावर लवकरच एक दिवस काका भाजीची पिशवी घेऊन वर यायला आणि काकू आतून दार ढकलायला एकच गाठ पडली. काका थोड्या पायऱ्या खाली गेले, टोमॅटो पार रस्त्यापर्यंत.

दुसऱ्या कुणी सुताराला बोलावून बिजागऱ्या फिरवून घेतल्या असत्या. काकांनी कपाळ चोळलं आणि म्हणाले, "मुद्दामच तसं ठेवलंय. हवा खेळती राहते."

काकूंनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा दाराकडे बघितलं, आणि विषय तिथेच मिटवला. दुसऱ्या दिवसापासून दार उघडायच्या आधी त्या आतून टकटक करायला लागल्या. टकटक ऐकू आली की जिन्यावर असेल त्यानं जागच्या जागी थांबायचं, मग दार उघडायचं. सगळ्या जगात बाहेरचा माणूस दार वाजवतो, या घरात आतला. लेक त्यातच वाढली. शाळेतून धावत आली की अर्ध्या जिन्यात, उचललेला पाय तसाच अधांतरी धरून, कान टवकारून उभी राहायची. मग टकटक, मग दार, मग आई. पाहुणे हसायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या घरची रीतच आहे ती." नवऱ्याची चूक आहे असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या गेल्यावर मात्र काकांना तो जिना चढवेना. घर विकलं, बापलेक एका फ्लॅटमध्ये राहायला आले, नकाशा गुंडाळून माळ्यावर गेला. त्या दाराचं नाव नंतर कुणी काढलं नाही.

म्हणून ती सही. आपल्या नावाचं काही खरं झालं नाही, पण पोरीचं नाव नकाशावर आलं, तेही हक्कानं, शिकूनसवरून, कुणाच्या मेहेरबानीवर नाही. पहिलं काम स्वच्छतागृहाचं मिळालं म्हणून काय झालं?

लेक पुढे मोठ्या ऑफिसात गेली. काचेच्या भिंती, थंडगार खोल्या, मोठमोठ्या वसाहतींची कामं. बरं चाललं होतं. पण तिची एक खोड होती. इमारतीच्या चित्रात माणसं घालतात ती माप दाखवायला. दाराशेजारी माणूस उभा केला की दार किती उंच ते कळतं, माणसाचं काम तिथे संपलं. बाकीचे कॉम्प्युटरमधली तयार माणसं उचलून चिकटवायचे. ही हातानं काढायची, आणि हिची माणसं माप दाखवून गप्प बसायची नाहीत. एकाच्या चपलेचा अंगठा तुटलेला, तो पाय ओढत चाललाय. एक बाई फोनवर बोलतेय आणि बघणाऱ्याला खात्री पटते की ही खोटं बोलतेय. बाकावर एक आजोबा, मनगटावरचं घड्याळ बघत बसलेले.

एकदा पैसे घालणारी मंडळी टेबलाभोवती जमली होती. हिनं चित्र मांडलं. त्यातल्या सगळ्यांत वयस्कर भागीदारानं चष्मा लावला, बराच वेळ चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "हे आजोबा कुणाची वाट बघताहेत?"

झालं. बाकीचे वाकून बघायला लागले. एक म्हणाला, मुलाची बघत असतील. दुसरा म्हणाला, छे, डॉक्टरकडे जायचंय, गाडी आली नाही. तिसऱ्यानं खिशातून फोन काढून वडिलांना लावला. इमारतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मंडळी गेल्यावर बॉस शांतपणे म्हणाला, "माणसं फिकट करा. त्यांच्यामुळे इमारत दिसत नाही."

तिनं केली फिकट. आजोबांना तर जवळजवळ पुसूनच टाकलं. आणि महिना संपायच्या आत राजीनामा दिला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा काका पेपर वाचत होते.

"बाबा, मी नोकरी सोडली. आता चित्रं काढणार. पुस्तकांसाठी."

"सुट्टीच्या दिवशी काढ की. कोण नको म्हणतंय?"

"सुट्टीच्या दिवशी नाही. रोज."

"मग घरं कोण काढणार?"

"घरंही काढीन. पण माणसांच्या मागे काहीतरी उभं हवं, म्हणून."

काकांनी पेपरची घडी घातली, घडीची टोकं जुळवली, पुन्हा एकदा जुळवली. "आणि सही?"

"चित्रावरही सही असते, बाबा."

"ती सही वेगळी," काका म्हणाले. "त्या सहीत कुणी राहायला येत नाही."

लेक उठली. ती चहा ठेवायला आत गेली.

काकांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, चार दिवस घर डोक्यावर घेतलं असतं आणि पाचव्या दिवशी निवळलं असतं. त्यांनी अबोलाही धरला नाही. जेवलीस का, गॅस बंद केलास का, दूधवाला आला नाही, सगळं बोलणं व्हायचं. फक्त तिच्या टेबलाकडे ते बघायचे नाहीत. आणि टेबल म्हणजे तरी काय, त्यांचाच जुना ड्रॉइंग बोर्ड, कडा त्यांच्याच कोपरांनी गुळगुळीत झालेल्या. तिच्या खोलीतून गॅलरीत जायची वेळ आली की काका मान खिडकीकडे वळवून, समोरच्या इमारतीत काहीतरी फार महत्त्वाचं घडत असल्यासारखे बोर्डाजवळून निघून जायचे. लेक खाली मान घालून काम करत राहायची. पाठ्यपुस्तकातल्या बेडकाचं पोट, दात कसे घासावेत याचं पत्रक, दुसऱ्यांच्या गोष्टींतले ससे आणि राजकन्या. बरीच वर्षं असंच चाललं.

मग तिचं स्वतःचं पुस्तक ठरलं. गोष्टही तिची, चित्रंही तिचीच. एका मुलीचं आणि तिच्या घराचं पुस्तक. तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "बाबा, बघाल का जरा?"

"मला त्यातलं काय कळतं," काका म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं नाही. तिला काय हवं होतं ते उघड आहे. संपादकांनी वाहवा केली होती, मैत्रिणींनी केली होती. पण रेघ म्हणजे काय हे ज्यानं तिला बोट धरून शिकवलं, त्याची नजर तिच्या रेघेवरून एकदाही फिरली नव्हती. आणि काका का बघत नव्हते? रागानं? राग कधीच विरला होता. ते घाबरले होते, खरं सांगायचं तर. बघितलं आणि चित्र बेतास बात निघालं, तर? पोरीनं एवढी सही सोडली ती कशासाठी, असं वाटलं, तर? वाटलेलं लपवता येईल असा त्यांचा चेहरा नव्हता. त्यापेक्षा न बघितलेलं बरं. अशी ही दोघं, एकाच घरात, एकाच बोर्डाच्या दोन बाजूंना.

एके दिवशी सकाळी लेक छापखान्यात कागद बघायला गेली. पुस्तकातलं शेवटचं चित्र बोर्डावर होतं, दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. गॅलरीचं दार उघडं राहिलं होतं, वारा आला, आणि बैठकीत बसलेल्या काकांना कागद घसरल्याचा आवाज आला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. ड्राफ्ट्समनला कागद जमिनीवर पडलेला चालत नाही. ते उठले, आत गेले, कागद उचलला, झटकला, बोर्डावर सरळ लावला, कोपऱ्यांना चिकटपट्ट्या लावल्या. आणि लावता लावता बघितलं गेलं.

आधी त्यांना बरंच वाटलं. लेक अजून ट्रेसिंगचा अर्धपारदर्शक कागदच वापरत होती, पुढून शाईची रेघ आणि मागून रंग, म्हणजे रेघ स्वच्छ राहते. हे त्यांनीच शिकवलेलं. चित्रात घराची पुढची भिंत काढून टाकलेली होती, केक कापल्यावर आतलं दिसावं तशा सगळ्या खोल्या दिसत होत्या. निळ्या भिंती, लाल छप्पर, छपरावर मांजर. पायऱ्या सगळ्या सारख्या उंचीच्या. छपराचा उतार बरोबर. काकांचं बोट एकेका खोलीवरून सरकत होतं, जसं ते जन्मभर सरकत आलं होतं. आणि जिन्याच्या टोकाशी येऊन थांबलं.

दार बाहेर उघडत होतं. थेट जिन्यावर.

तुमच्या लक्षात आलं असेल. काकांच्या नाही आलं. नवल वाटतं ना? पण नकाशे तपासणाऱ्याचे डोळे तसेच असतात. त्यांना दार दिसतं, बिजागरी दिसते, पायरी दिसते. चित्रात दाराच्या आत एक बाई होती आणि जिन्यावर एक मुलगी होती, पण त्या काकांच्या हिशेबी माप दाखवायला होत्या. ते घाबरले वेगळ्याच कारणानं. एवढं शिकलेली पोर, आणि दार चुकलं. उद्या हे छापून येणार. कुणीतरी जाणता माणूस बघणार आणि म्हणणार, हिला आर्किटेक्ट कुणी केलं?

ती यायला अवकाश होता. सांगून ठेवायचं म्हटलं तरी बघितल्याचं कबूल करावं लागणार. त्यापेक्षा गुपचूप दुरुस्त करावं, तिला कळणारही नाही. काकांनी दाढीचं अर्धं पातं आणलं. शाई खरवडायची म्हणजे पातं जवळजवळ आडवं धरायचं, फुंकर मारल्यासारखं हलकं फिरवायचं, मग खरवडलेल्या जागेवर नखाच्या पाठीनं घासून घ्यायचं, नाहीतर नवी शाई फुटते. चहाचा कप धरताना थरथरणारा हात पातं धरल्यावर जागेवर आला. दाराची फळी गेली. बिजागऱ्या गेल्या. मग त्यांनी तिचंच पेन घेऊन दार पुन्हा काढलं, आत उघडणारं, नियमाप्रमाणे. आतल्या बाईचा एक हात नव्या दाराच्या वाटेत येत होता, बोट वाकवून उचललेला. तो त्यांनी खरवडून दाराआड घातला. पेनाचं टोपण लावलं, खरवडलेला चुरा हातरुमालावर टिपला. लेकीसाठी काहीतरी केलं असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

मग सवयीप्रमाणे ते चार पावलं मागे सरले. तपासलेला नकाशा शेवटी लांबून बघायचा, अशी त्यांची पद्धत.

लांबून पहिल्यांदा जिन्यावरची मुलगी दिसली. पाठीवर दप्तर. एक पाय पायरीवर, दुसरा उचललेला, अधांतरी. मान जरा कलती. वर दार निवांत आत उघडलेलं, वाट मोकळी, आणि ही मुलगी उगाचच थांबलेली.

ही कशाची वाट बघतेय, काकांच्या मनात आलं. आणि दुसऱ्या क्षणी त्यांना कळलं.

ते तिथल्याच स्टुलावर बसले. बोर्डाकडे बघायचा धीर होईना आणि नजर हलेना. निळ्या भिंतींनी आणि लाल छपरानं काय फरक पडतो, ते घर त्यांचं होतं. तो जिना त्यांचा होता. त्या बाईच्या खांद्याला जरासा बाक होता, डाव्या बाजूला. इतकी वर्षं तो खांदा त्यांच्या शेजारी झोपला होता, आणि आज त्यांनी त्याचा हात खरवडून टाकला होता. टकटक करणारा.

आणि मग त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, जी इतक्या वर्षांत दिसली नव्हती. काकूंनी एकदाही म्हटलं नव्हतं, दार बदला. एका शब्दाचं काम होतं. सुतार गल्लीतच राहायचा. पण दार बदललं असतं तर चूक झाली होती असं ठरलं असतं, नवऱ्याचं नाव लिहिलेल्या एकुलत्या एका नकाशात. म्हणून ती बाई दार वाजवत राहिली. भरल्या हातांनी, ओल्या हातांनी, अंगात ताप असताना. रोज. काका समजत होते की त्यांचं नाक शाबूत राहिलं ते त्यांच्या हवा खेळती राहण्याच्या युक्तीमुळे. आणि पोर, जिन्यात पाय उचलून उभी राहणारी एवढीशी पोर, ती सगळं बघत होती. तिनं सगळं जपून ठेवलं होतं. काकांना आपल्या मुलीची भीतीच वाटली क्षणभर, इतकं मोठं काहीतरी या घरात इतकी वर्षं वावरत होतं आणि आपण मान खिडकीकडे वळवून चालत होतो.

लेक आली तेव्हा काका दारातच उभे होते. चपला काढायच्या आत म्हणाले, "मी तुझं दार दुरुस्त केलं."

"कुठलं दार?"

काका तिच्या वाटेतून बाजूला झाले. त्यांनी तिच्या खोलीकडे हात केला.

तिनं चित्र बघितलं. चिकटपट्ट्या सोडवून कागद खिडकीच्या उजेडात धरला. उजेडात धरल्यावर खरवडलेली जागा जराशी धूसर दिसत होती, एरवी कळलीसुद्धा नसती. काकांचा जीव मुठीत. ओरडेल, रडेल, निघून जाईल. तिच्या जागी ते असते तर त्यांनी पातं फेकून मारलं असतं. तिनं खरवडलेल्या जागेवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुम्ही बघितलंत," ती म्हणाली.

"अगं, तुझं चित्र नासवलं मी. तुझ्या आईचा हात—"

"बघितलंत ना पण?"

"बघितलं," काका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पुसायचंही सुचलं नाही.

तिनं कागद पुन्हा बोर्डावर लावला, स्टूल पुढे ओढलं आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "आता तुम्हीच काढा. जसं होतं तसं."

"मी? माझी चूक मीच पुन्हा काढू?"

"दार तुमचंच आहे, बाबा. मी आठवून आठवून काढलं होतं. तुम्ही ते खऱ्या घरासाठी काढलंय." मग म्हणाली, "माळ्यावरून नकाशा काढू का?"

"नको," काका म्हणाले. "पाठ आहे."

त्यांनी नियमातलं दार खरवडलं आणि चुकीचं दार काढायला घेतलं. खरवडताना न हललेला हात आता मात्र हलला. दाराची कड, जी सुतासारखी सरळ यायला हवी, ती मध्येच जराशी थरथरली. काकांनी लगेच पात्याकडे हात नेला.

"राहू दे ती," लेक म्हणाली. "जुन्या दाराची कड अशीच असते."

दार झालं. मागची जागा रिकामी होती, हाताची. "हात तू काढ," काका म्हणाले. "मला माणसं येत नाहीत."

"आई कुठल्या हातानं वाजवायची? मी उजवा काढला होता, पण नक्की आठवत नव्हतं."

"डाव्या. उजव्यात कायम काहीतरी असायचं. आणि मूठ नाही, हे असं." काकांनी डोळे मिटले, मधलं बोट वाकवलं आणि बोर्डाच्या कडेवर वाजवलं. टकटक. घड्याळाचा पट्टा तिला सैल व्हायचा, वाजवताना तो घसरून पार कोपराकडे जायचा, तिला कधी नवं भोक पाडून दिलं नाही, राहूनच गेलं. हे सगळं ते डोळे मिटूनच सांगत होते. उघडले तेव्हा लेक काढायला लागली होती.

इतक्या वर्षांत त्यांनी तिला चित्र काढताना पहिल्यांदा बघितलं. पट्टी नव्हती. आधाराची पुसट रेघ नव्हती. माप नव्हतं. काही नसलेल्या जागेतून एक मनगट आलं, मग हाताची पाठ, मग वाकलेलं बोट, मग सैल पट्टा. तो हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, तो काकूंचा होता. त्याला ओल होती. जन्मभर त्यांनी दारं काढली होती, मोजता येणार नाहीत इतकी, आणि एकाही दारामागे कुणी उभं असल्याचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. ही पोर दारामागचं माणूस काढत होती. ते आपल्याला शिकवता आलं नसतं, कुणालाच आलं नसतं. ते हिला कुठून आलं हे त्यांना कळेना, आणि न कळण्यात त्यांना कमालीचं सुख वाटत होतं.

तिनं पेन खाली ठेवलं. जिन्यावरची मुलगी आता उगाच थांबलेली नव्हती.

काका चार पावलं मागे सरले. "यात येईल कुणीही राहायला," ते म्हणाले.

लेकीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. कपाटात काहीतरी शोधायला लागली, जिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

पुस्तक छापून आलं ते पावसाळा उलटून गेल्यावर. तिनं पहिली प्रत काकांना दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. काका आपल्या खोलीत गेले, दार लावलं, चष्मा पुसला. आधी त्यांनी ते चित्रच उघडलं. थरथरलेली कड जशीच्या तशी छापली होती. मग रीतसर पहिल्या पानापासून बघायचं म्हणून मागे आले. पहिल्या पानावर गोष्टीचं नाव होतं, खाली लेकीचं नाव होतं. त्याच्याही खाली, बारीक अक्षरांत, आणखी एक नाव होतं. वाचायला त्यांना वेळ लागला, कारण ते छापलेलं त्यांनी कुठे कधी बघितलं नव्हतं. गुण्याकाका नाही. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. आणि त्यापुढे एवढंच, 'जिन्यावरचं दार यांनी काढलं.'

बाहेर लेक ताटं मांडत होती. पानं उलटल्याचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला. बराच वेळ काहीच आवाज नाही म्हटल्यावर तिला काळजी वाटायला लागली. हाक मारावी म्हणून ती हात पुसत त्यांच्या खोलीकडे निघाली.

खोलीच्या आतून टकटक झाली. दोनदा.

ती होती तिथेच थांबली, एक पाय उचललेला. त्या खोलीचं दार आत उघडणारं होतं, वाजवायची काहीच गरज नव्हती.